काटा तळाला टेकला, पण पाणी गेलं का?

गॅस भरण्याआधी गाडीच्या एसीच्या नळ्या रिकाम्या करायला व्हॅक्यूम पंप लावला की तीन-चार मिनिटांत निळ्या गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा उणे ३० इंचांवर (पाऱ्याच्या) जाऊन टेकतो. मग अर्धा तास पंप घुरघुरत राहतो आणि घड्याळात वेळ भरली की 'व्हॅक्यूम झाला' म्हणून गॅस भरायला घेतात. त्या अर्ध्या तासात आत काय घडलं, हे त्या काट्याला ठाऊक नसतं. पंप आणि गेज घेताना सीएफएमचा (पंप मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो त्याचा) आकडा नंतर बघावा, आधी ही गोष्ट समजून घ्यावी.

पंपाला दोन गोष्टी बाहेर काढायच्या असतात. पहिली हवा. ती कंडेन्सरमध्ये (गॅस गार होऊन द्रव होतो त्या जाळीत) द्रवरूप होत नाही, नुसती जागा अडवते आणि हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, दाब चढवते. दुसरी गोष्ट पाणी, आणि खरी डोकेदुखी तीच. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (द्रव गॅसचा दाब उतरवून त्याला गार करणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात त्याचा बर्फ होतो, गार हवा बंद पडते. एसी थोडा वेळ बंद ठेवला की बर्फ वितळतो आणि सगळं पुन्हा ठीक चालू लागतं. शिवाय गॅस, तेल आणि उष्णता यांच्या संगतीत पाण्यापासून आम्लं तयार होतात, ती धातू खातात.

द्रवरूप पाणी पंप ओढून काढत नाही. पंप दाब उतरवतो, पाणी आपोआप उकळतं आणि वाफ बाहेर पडते. २५ अंश सेल्सिअसला पाणी उकळवायचं तर दाब सुमारे २३.८ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत आणावा लागतो. १६४३ साली टोरिचेलीने पाऱ्याच्या स्तंभावर हवेचा दाब मोजला, त्याच स्तंभाची ही उंची. समुद्रसपाटीला ती ७६० मिलिमीटर. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. म्हणजे सुरुवात ७,६०,००० मायक्रॉनवर, पाणी उकळायला लागतं २३,८०० वर, आणि गाठायचं असतं ५०० किंवा त्याखाली.

आता निळं गेज जवळून बघा. उणे ३० इंचांपासून शंभराहून जास्त पीएसआयपर्यंतचा (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) सगळा पल्ला त्या एका तबकडीवर बसवलेला असतो. एक पीएसआय म्हणजे जवळपास ५१,७०० मायक्रॉन. काट्याची जाडीच साधारण एवढी भरते. पाणी उकळायला सुरुवात होण्यापासून ते पार संपण्यापर्यंतचा सगळा प्रवास अर्ध्या पीएसआयच्या आत, काट्याच्या आडोशाला उरकतो. त्यात समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर पूर्ण निर्वात झाला तरी काटा २५ इंचांच्या आसपासच थांबतो, कारण तिथल्या हवेचाच दाब कमी. तो बघून चांगला पंप खराब ठरवणारेही भेटतात.

म्हणून मायक्रॉन गेज वेगळं लागतं. त्यात तापवलेली तार किंवा थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा तुकडा) असतो. भोवतीचे रेणू त्याची उष्णता वाहून नेतात. रेणू विरळ झाले की उष्णता कमी जाते, आणि त्यावरून दाब कळतो. मार्चेलो पिरानीने १९०६ मध्ये वापरलेलं तत्त्व हेच. एक मेख आहे: वायू बदलला की उष्णता वाहण्याचं मानही बदलतं, त्यामुळे तेलातून गॅसची वाफ निघत असेल तर आकडा थोडा फसवतो. सेन्सरवर तेल चढलं तरी तेच.

पंप दोन टप्प्यांचा, फिरत्या पात्यांचा घ्यावा. नवं तेल घातलेला असा पंप २०-२५ मायक्रॉनपर्यंत उतरतो. फ्रीजच्या जुन्या कॉम्प्रेसरला नळी जोडून केलेला पंप तिथवर पोचत नाही. त्याच्या पिस्टनच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा राहतेच. तिथला दाबलेला वायू दर फेऱ्याला फुगून परत पसरतो आणि नवा वायू आत यायला जागाच देत नाही.

पंपावरची एक छोटी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: गॅस बॅलास्ट. पाती वायू दाबत नेतात आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा, म्हणजे ७६० मिलिमीटरपेक्षा, थोडा वर गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. हवेला त्यात काही अडचण नाही. पण आत निव्वळ पाण्याची वाफ असेल तर? पंप ६० अंशांवर चालतोय असं धरा. त्या तापमानाला वाफेचा दाब १४९ मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाही. आणखी दाबलं की तिचं पाणी होतं. व्हॉल्व्ह उघडायला ७६० हवेत, वाफ १४९ लाच शरण येते. व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि पाणी पंपाच्या तेलात मिसळतं. पुढच्या फेऱ्यात तेच पाणी पोकळीत पुन्हा उकळतं, पंप आपल्याच वाफेशी झुंजत बसतो आणि आकडा काही हजार मायक्रॉनखाली हलत नाही. काचेतून तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं.

गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये यावर तोडगा काढला: दाबण्याच्या टप्प्यात मुद्दाम थोडी बाहेरची हवा सोडायची. मिश्रणातला वाफेचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी राहिला की वाफेचा दाब १४९ ला पोचायच्या आत एकूण दाब ७६० ओलांडतो, व्हॉल्व्ह उघडतो, वाफ वाफ असतानाच बाहेर जाते. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं बॅलास्टची चकती उघडी ठेवावी, पंप गरम होऊ द्यावा, मग बंद करावी. बंद करायला विसरलात तर शेवटचा आकडा गाठता येत नाही.

आता सीएफएम. ३ सीएफएमचा पंप मिनिटाला ८५ लिटर ओढतो आणि कारच्या एसीचं आतलं आकारमान जेमतेम काही लिटर. पण मधे होज, म्हणजे पंपापासून गाडीपर्यंतची रबरी नळी, असतो. नळीतून वायू किती जातो हे व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं, शिवाय वायू विरळ होत जाईल तशी नळी आणखी अडवायला लागते. आतून ५ मिलिमीटर व्यासाचा, दीड मीटर लांब होज ५०० मायक्रॉनच्या आसपास मिनिटाला दोन-तीन लिटरच जाऊ देतो. मागे ३ सीएफएम असो की १०, फरक पडत नाही. १० मिलिमीटर व्यासाची नळी सोळापट वाहते. पैसे खर्चायचे तर तीन सुताच्या (साधारण १० मिलिमीटरच्या) आखूड होजवर खर्चावेत, मोठ्या पंपावर नाही. कारच्या पोर्टमधली (होज जोडायच्या तोंडातली) झडपेची पिन नाहीतरी वाट अडवतेच, म्हणून लो आणि हाय अशा दोन्ही बाजूंनी ओढावं.

मायक्रॉन गेज पंपाच्या तोंडावर बसवलं तर ते पंपाची स्तुती वाचून दाखवतं. ते गाडीच्या टोकाला, कपलरजवळ (होज पोर्टला बसतो त्या जोडाजवळ) टी आकाराचा तिहेरी जोड लावून बसवायचं. ५०० खाली गेलं की पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं आकडा बघायचा. चढून हजार-दीड हजारावर स्थिरावला तर तेलात ओलावा किंवा गॅस मुरलेला आहे, अजून ओढा. सरळ चढतच राहिला तर गळती. गाडीवर आळ घेण्याआधी नुसते होज बंद करून हीच चाचणी करावी, कारण बरेचदा कपलरची ओ-रिंगच (रबरी कडीच) दोषी निघते. पंप बंद करण्याआधी मात्र हा व्हॉल्व्ह बंद हवाच, नाहीतर पंपाचं तेल उलटं खेचलं जातं. वीज गेली तरी तेच होतं, म्हणून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असलेला पंप बरा.

सिस्टिम बरेच दिवस उघडी असेल तर रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदला. त्यातल्या शोषक दाण्यांनी धरलेलं पाणी साध्या तापमानाला पंपाने सुटत नाही, कितीही तास चालवा. डबीतलं 'गळती बंद करणारं' औषध सोडून व्हॅक्यूमची कटकट टाळण्याच्या फंदात तर पडूच नये: यांतली बरीच औषधं ओलावा लागला की घट्ट होतात, आणि ओलावा आत असेल तर कुठे घट्ट होतील हे ती विचारत नाहीत. पंपाचं तेल काम संपल्यावर गरम असतानाच काढायचं. गार झालं की पाणी तळाशी राहतं आणि आतल्या लोखंडाला गंज चढतो.