घरच्या चार्ज कंट्रोलरमागचे दोन आकडे

२००५-०६ च्या भारनियमनात पुण्यातल्या बऱ्याच घरांत पहिल्यांदा मोठी बॅटरी आली. लाइट गेले की इन्व्हर्टर सुरू, आणि दर पंधरा दिवसांनी टोपणं उघडून टॉर्चच्या उजेडात पाणी बघायचं, प्लेटा उघड्या पडल्यात का ते बघायचं आणि डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, हे काम आमच्याकडे बाबा करायचे. २००६ मधे पुण्यातल्या उद्योगांनी आपल्या जनरेटरची वीज वापरून शहराचं भारनियमन टाळायचं मॉडेल आणलं ते वेगळं, पण तोपर्यंत बॅटरी घरात आली होती ती आलीच. मी पुढे त्याच नादात गच्चीवर २० वॅटचं पॅनेल लावलं, मधे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड टाकला आणि थेट ७ अँपिअर-अवरच्या सीलबंद बॅटरीला जोडलं, कारण दुकानात सांगितलं होतं की एवढ्याशा पॅनेलला चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी भरली की चार्जिंग थांबवणारा बोर्ड, लागत नाही. पावसाळ्यात सगळं छान चाललं. एप्रिलमधे बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगून बाहेर आल्या, हात लावला तर गरम, आणि रात्री एक एलईडी पट्टीसुद्धा दहा मिनिटांवर चालेना. बॅटरी भरल्यावरही पॅनेल तिला चार्ज करतच राहिलं होतं.

तेव्हा मला वाटत होतं की चार्ज कंट्रोलर ही सोलरबरोबर आलेली गोष्ट आहे. तसं नाहीये, हे दुखणं सोलरपेक्षा कितीतरी जुनं आहे. लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्समधे गास्तों प्लांतेनी १८५९ मधे बनवली, आणि पुढे डायनमोवर ती चार्ज करायला लागल्यापासून दोन प्रश्न तिच्या मागे लागले. डायनमो मंदावला की बॅटरीतली वीज उलटी त्याच्यातच जाते, आणि डायनमो जोरात फिरला की बॅटरी उकळते. अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रशनी १८८८ मधे घरामागे एक अवाढव्य पवनचक्की उभी केली होती, १२ किलोवॅटची, तळघरात बॅटरीचे ४०८ सेल ठेवलेले, आणि ती साधारण वीस वर्षं चालली. तिच्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे डायनमोची लाइन आपोआप ७५ व्होल्टला जोडली जायची आणि ७० व्होल्टला सुटायची. जोडायला एक आकडा, सोडायला दुसरा. ट्रान्झिस्टर नाही, आयसी नाही, आणि तरी आज आपण बोर्डवर जे करतो त्याचा गाभा तिथे आहे.

नंतर हेच काम गाड्यांमधे शिरलं. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबॅसेडरवर काम केलेले मेकॅनिक अजून 'कटआऊट' म्हणतात ना, तो हाच. इंजिन बंद झालं की डायनमो बॅटरीपासून तोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याच्याच डबीत बाजूला रेग्युलेटर असायचा, व्होल्टेज वाढलं की त्याचा कॉन्टॅक्ट थरथरत उघडायचा आणि डायनमोच्या फील्ड कॉइलच्या, म्हणजे त्यातलं चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीच्या, वाटेत रेझिस्टन्स घालायचा, म्हणजे डायनमो आपोआप कमी वीज बनवायचा. इथे जरा थांबून विचार करा, कारण पुढची सगळी गंमत यात आहे. गाडीच्या डायनमोला "कमी बनव" असं सांगता येतं. लोहचुंबकावर चालणाऱ्या छोट्या पवनचक्कीला तसं सांगता येत नाही, तिच्यात फील्ड कॉइलच नसते. सोलर पॅनेललाही सांगता येत नाही, ऊन पडलं की ते देणारच. म्हणून जी काही अडवणूक करायची ती वीज बनवणाऱ्याच्या आत नाही तर बाहेर, वायरीवर करावी लागते, आणि त्या अडवणुकीलाच आपण चार्ज कंट्रोलर म्हणतो.

सिलिकॉनचा कामाचा सोलर सेल बेल लॅब्जनी १९५४ मधे दाखवला, कार्यक्षमता साधारण ६ टक्के. १९५८ मधे व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर सेल गेले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर जमिनीवरच्या वापराकडेही सगळ्यांचं लक्ष गेलं. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सनी १९७७ मधे देशातला पहिला सेल आणि १९७८ मधे पहिलं पॅनेल बनवलं. महाराष्ट्रात हे काम बघणाऱ्या महाऊर्जा या सरकारी संस्थेचं मुख्य ऑफिस तर आपल्या पुण्यातच आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाचंही नाव इथे घ्यायलाच हवं, १९८३ मधे डॉ. श्रीनाथ कलबागांनी सुरू केलेला, मुलांनी हाताने वस्तू बनवून शिकायचं ही तिथली पद्धत, आणि २००२ मधे अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवायची कार्यशाळा, तिथे आली ती भारतातली पहिली. स्वतः बोर्ड बनवणाऱ्या माणसाला असं ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे याचं मला खरंच बळ वाटतं.

मधल्या काळात कंट्रोलरच टाळायचा एक प्रयत्न झाला. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी पॅनेलमधे साधारण ३६ सेल असतात, उन्हात काही न जोडता मोजलं तर २१ व्होल्टच्या आसपास दाखवतं. ८० च्या दशकात ३० ते ३३ सेलची पॅनेल्स निघाली, म्हणजे व्होल्टेजच इतकं कमी ठेवायचं की बॅटरी भरत आली की करंट आपोआप आटेल. कागदावर हुशार, पण सिलिकॉनचा सेल तापला की दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट गमावतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या गच्चीवर पॅनेल ६० अंशांच्या वर सहज जातं. मग बॅटरी भरतच नाही, आणि थंडीत मात्र गरजेपेक्षा जास्त भरते. ती वाट मागे पडली.

घरी बनवणाऱ्यांसाठी खरा बदल १९७२ मधे झाला, ५५५ टायमर हा आयसी बाजारात आला तेव्हा. सिग्नेटिक्स कंपनीसाठी हान्स कॅमेन्झिंडनी तो डिझाइन केला. नाव टायमर, पण आत बघा, तीन सारखे रेझिस्टर सप्लाय व्होल्टेजचे तीन भाग करतात, दोन व्होल्टेजची तुलना करणारे दोन कंपॅरेटर बसलेत, एक एक-तृतीयांशवर आणि एक दोन-तृतीयांशवर, आणि मधे आठवण ठेवणारा फ्लिप-फ्लॉप. वेळ मोजायचं सोडून द्या, बॅटरीचं व्होल्टेज त्याला दाखवा, की झाला ब्रशचा ७५-७०. ७८०५ या रेग्युलेटर आयसीने त्याला पक्के ५ व्होल्ट द्यायचे, म्हणजे आतल्या खुणा १.६७ आणि ३.३३ व्होल्टवर अडकतात, बॅटरी कितीही हलली तरी त्या हलत नाहीत. मग दोन प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर, एकाने वरचा आकडा लावायचा आणि एकाने खालचा, आउटपुटवर ट्रान्झिस्टर, त्याच्यावर गाडीतला १२ व्होल्टचा रिले, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, तो विसरलात तर ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा. सगळा माल पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, एका फेरीत मिळतो.

दोन आकडे कशाला, एक का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. एकच ठेवला तर काय होतं ते ऐकूनच कळतं. १४.४ व्होल्टला चार्जिंग तुटलं की बॅटरी लगेच १३ च्या घरात उतरते, रिलेला वाटतं रिकामी झाली, परत जोडतो, परत १४.४, परत तोडतो, आणि रिले शिलाई मशीनसारखा टकटक करत सुटतो, दोन दिवसांत कॉन्टॅक्ट काळे. मधलं अंतर हा त्यावरचा उपाय. काही सर्किटांत वरचा आकडा १४.९ आणि खालचा ११.९ दिलेला असतो. माझं मत, सोलरला ११.९ फार खाली आहे, तिथपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी होते आणि भर दुपारचं ऊन तोवर वाया जातं. मी १३ आणि १४.४ ठेवतो.

आणि तोडलं म्हणजे काय केलं, हे पॅनेल आहे की पवनचक्की यावर ठरतं. पॅनेल नुसतं मोकळं सोडलं तरी त्याला काही होत नाही. पवनचक्की मोकळी सोडली तर ओझं गेल्यामुळे ती बेफाम फिरते, पाती तुटू शकतात, म्हणून रिलेचा दुसरा पाय डम्प लोडला जोडायचा, म्हणजे जाड वायरचा रेझिस्टर किंवा पाणी तापवायची डीसी कॉइल. एकाच बोर्डवर दोन्ही चालतं, म्हणून हे डिझाइन इतकं टिकलं.

पॉवर मॉस्फेट, म्हणजे जास्त करंटचे इलेक्ट्रॉनिक स्विच, स्वस्त झाल्यावर रिलेच्या जागी पीडब्ल्यूएम आलं, म्हणजे चार्जिंग झपाझप चालू-बंद करून करंट आवरायची पद्धत. पॅनेलला त्याच्या सर्वात जास्त ताकदीच्या व्होल्टेजवर ठेवून त्याहून जास्त वीज काढणाऱ्या एमपीपीटीचं मूळ उपग्रहांच्या सप्लायमधे आहे, १९६८ च्या सुमाराचं. २००५ मधे इटलीत आर्डुइनो हा घरी प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आल्यावर तेही घरी करता येऊ लागलं. पहिला बोर्ड मात्र ५५५ चाच करा, त्यात प्रत्येक व्होल्ट मल्टिमीटरने पकडता येतो.

लावायची पद्धत अशी. बॅटरी न जोडता व्हेरिएबल सप्लाय लावायचा, १४.४ वर आणायचा आणि वरचा प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरने इतका हळू फिरवायचा की टक ऐकू येईल, मग सप्लाय १३ वर उतरवून खालचा. नंतर वर-खाली चार वेळा फिरवून बघायचं, टक त्याच आकड्यांवर येतो का. हे २५ अंशांचे आकडे आहेत. बॅटरी तापली की ती कमी व्होल्टेजला उकळते, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे एप्रिलमधे ४० अंशांना वरचा आकडा १४ च्या आसपास हवा. आमचा कंट्रोलर जिन्याखाली आहे, त्याच्या झाकणावर मी मार्करने दोन ओळी लिहून ठेवल्यात, होळीनंतर १४.०, दिवाळीनंतर १४.४.