दोष कॅटचा, की कॅटच्या आधीचा?

पी०४२०. जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्या अनेकांना हा आकडा कधी ना कधी भेटतो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, पडद्यावर हा कोड येतो आणि पाठोपाठ निदानही येतं: "कॅट गेला, बदलावा लागेल." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टच्या पाइपमध्ये बसवलेला, धूर स्वच्छ करणारा डबा. त्याची किंमत ऐकून मालक म्हणतो, "तूर्त दिवा तेवढा घालवून द्या." कोड पुसला जातो, दिवा विझतो, आणि थोड्याच दिवसांत परत लागतो.

या कोडचा अर्थ "कॅट बदला" असा होत नाही. तो का होत नाही हे कळायला आधी कॅट काय करतो आणि गाडीचा कॉम्प्युटर त्याची परीक्षा कशी घेतो हे बघावं लागतं.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण अचूक पाळलं तरी इंजिनातून निघणाऱ्या धुरात तीन नकोशा गोष्टी उरतातच: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तिसऱ्याकडून काढून घ्यायचा असतो. ही दोन परस्परविरुद्ध कामं एकाच डब्यात होतात. डब्यात सिरॅमिकची जाळी असते, दर चौरस इंचाला चारेकशे बारीक आरपार नळ्या. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. सोबत सेरियम ऑक्साइड असतं आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की सेरियम तो साठवून ठेवतं, कमी पडला की साठ्यातून देतं. सुगीत भरायची आणि तंगीत उपसायची कणगीच ती.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एंगलहार्ड कंपनीत जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांच्या चमूने तिन्ही वायू एकदम हाताळणारा असा कॅट घडवला. पण त्याला हवा-इंधनाचं प्रमाण फार अरुंद पट्ट्यात लागतं, आणि तेवढा काटेकोरपणा कार्ब्युरेटरच्या आवाक्यात नव्हता. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला तेव्हा हे गणित रस्त्यावर जमलं. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून कॅट आला. त्याच्यासोबत शिसंविरहित पेट्रोलही आणावं लागलं, कारण शिशाने कॅट निकामी होतो.

ऑक्सिजन सेन्सर एका बाजूने बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूने धूर यांच्यातल्या ऑक्सिजनची तुलना करतो. त्याच्या टोकावरचं झिर्कोनिया तापलं की या फरकातून थोडी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन भरपूर असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, जवळजवळ नसेल तर ०.९ च्या आसपास. कॉम्प्युटर हा आकडा बघून इंधन किंचित वाढवतो, किंचित घटवतो, सतत. त्यामुळे कॅटच्या आधीचा सेन्सर वर-खाली हेलकावत राहतो. कॅटच्या मागे दुसरा सेन्सर असतो. कॅटमधला साठा शाबूत असेल तर हे हेलकावे आतच जिरतात आणि मागच्या सेन्सरची रेघ बरीचशी सपाट राहते. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागला की कॉम्प्युटर पी०४२० नोंदवतो. कॅटमधून काय बाहेर पडतंय याचं थेट मोजमाप गाडीत कुठेच नसतं. मागच्या सेन्सरची रेघ हलते आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं.

भारतात गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची ही व्यवस्था, म्हणजे ओबीडी, एप्रिल २०१० पासून आली. पहिल्या टप्प्यात ती मुख्यतः वायरिंग आणि सेन्सर चालू आहेत का एवढंच बघायची. एप्रिल २०१३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कॅटचं काम कसं चाललंय यावरही नजर आली. आज सेकंडहँड बाजारात मिळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या कितीतरी गाड्या या दुसऱ्या टप्प्यातल्या आहेत, आणि त्यांचे कॅट, गॅस्केट, सेन्सर सगळेच एकदम म्हातारे होताहेत.

माझ्या आतेभावाने पुण्यात २०१४ ची एक पेट्रोल हॅचबॅक घेतली, तिची गोष्ट सांगतो. दिवा, कोड, पुसणं, परत दिवा, हे चक्र तिच्यातही चालू होतं. मागचा सेन्सर बदलून झाला होता, फरक पडला नव्हता. मायलेज घसरलं होतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं की काजळी यायची. पीयूसी मात्र दर वेळी पास.

या शेवटच्या गोष्टीकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. काजळी सांगते की इंजिन जास्त पेट्रोल पितंय. अशा इंजिनामागचा कॅट खरोखर मेलेला असता तर ही मर्यादा ओलांडली जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे कॅट अजून काम करत होता. पीयूसी पास होणं हा इथे दिलासा नव्हता, तो तपासातला धागा होता.

दुसरा धागा स्कॅनरच्या चालू आकड्यांत सापडला. प्रत्येक स्कॅनरवर "फ्युएल ट्रिम" दिसतं, पण कोड वाचून पुढे जाणाऱ्याची नजर तिथवर पोचत नाही. कारखान्यात ठरलेल्या हिशेबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के जास्त किंवा कमी इंधन देतोय, ते हा आकडा सांगतो. शून्याच्या आसपास असावा, दोन्हीकडे पाच-सात टक्के चालतात. या गाडीत आयडलिंगवर तो अधिक सतरापर्यंत जात होता. रेस देऊन इंजिन तीन हजार फेऱ्यांवर धरलं की अधिक पाचवर उतरायचा.

हा उतार फार बोलका असतो. पेट्रोल पंप अशक्त असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर याच्या उलट होतं: इंजिनावर भार वाढेल तसं इंधन कमी पडतं आणि ट्रिम चढतो. आयडलिंगवर वाईट आणि रेस दिल्यावर बरा, याचा अर्थ कुठूनतरी फुकटची हवा शिरतेय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते, म्हणून छोटी गळतीही मोठी ठरते.

आता हवा शिरतेय ती इंजिनाच्या आधी की नंतर? बहुतेक जण इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचे, रबरी पाइप तपासायला घेतात, आणि बऱ्याच गाड्यांत तेच बरोबर असतं. पण या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर नव्हता, इनटेकमधला दाब मोजणारा होता. अशा गाडीत इनटेकला गळती झाली तर दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने इंधनही वाढवतो, आणि लक्षण दिसतं ते मुख्यतः चढलेल्या आयडलिंगमध्ये. इथे आयडलिंग अगदी जागच्या जागी होतं. म्हणून संशय इंजिनाच्या मागे सरकला, एक्झॉस्टकडे.

एक्झॉस्टमधून धूर बाहेर गळेल, बाहेरची हवा आत कशी येईल? हा प्रश्न रास्त आहे. इंजिन धूर सलग सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतं. प्रत्येक ठोक्यामागून क्षणभर पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि तेवढ्यात फटीतून हवा आत ओढली जाते. फेऱ्या वाढल्या की ठोके जवळजवळ येतात, दाब आतून बाहेर टिकतो आणि हे ओढणं थांबतं. ही फट पुढच्या सेन्सरच्या आधी असेल तर घोटाळा पुरा होतो. सेन्सरला बाहेरून आलेला ऑक्सिजन दिसतो, तो कळवतो की इंधन कमी पडतंय, कॉम्प्युटर मुकाट्याने पेट्रोल वाढवतो. इंजिनाला ते नकोच असतं. मायलेज घसरतं, काजळी धरते, आणि कॅटकडे जास्तीचं इंधन आणि बाहेरची हवा यांचे मोठे झोके जातात. दहा वर्षांच्या कॅटमधला साठा तसाही आटलेला असतो. तो हे झोके जिरवू शकत नाही, मागच्या सेन्सरची रेघ हलायला लागते, आणि कोड पडतो तो कॅटच्या नावाने.

गळती शोधायची एक साधी युक्ती आहे. गाडी पूर्ण थंड असताना, इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावला, त्याचं तोंड चिंध्या गुंडाळून सायलेन्सरमध्ये बसवलं आणि क्लीनर चालू केला. मग मॅनिफोल्डवरचा, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांवरचा, उष्णतारोधक पत्रा काढून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारत गेलो. कडेच्या सिलिंडरपाशी फेस उठायला लागला, बारीक पांढरे बुडबुडे, एकामागून एक. टॉर्च मारून बघितलं तर तिथेच इंजिनाच्या अंगावर काळा, पंख्यासारखा पसरलेला डाग होता आणि मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारा एक स्टड, म्हणजे आटे असलेला दांडा, आतल्या आत तुटलेला. नट जागेवर दिसत होता, पण पकडून काहीच ठेवत नव्हता. सकाळी गाडी चालू करताना पहिली दोन-चार मिनिटं येणाऱ्या बारीक टिक-टिक आवाजाचाही उलगडा झाला. धातू तापून फुगला की फट आवळली जाते आणि आवाज बंद होतो. त्यामुळे गॅरेजात पोचेपर्यंत तो कुणालाच ऐकू जात नव्हता.

तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढला, नवं गॅस्केट बसवलं, नट मधून कडेकडे आवळत गेले. ट्रिम अधिक चारच्या आसपास स्थिरावला. मागच्या सेन्सरची रेघ ०.६५ व्होल्टच्या आसपास टेकली. नव्या गाडीइतकी सपाट नाही, पण नक्कल थांबली.

अधिक चार तरी का, शून्य का नाही? याचं एक उत्तर पेट्रोलमध्ये आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला कमी हवा पुरते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १४.१ पट हवा लागते, वीस टक्क्यांच्या पेट्रोलला १३.५ पट. त्याच हवेत सुमारे चार टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, आणि ते ट्रिममध्ये दिसतं. निरोगी गाडी ही वाढ सहज सांभाळते. ज्या गाडीत आधीच कुठेतरी गळती आहे तिला मात्र हे चार टक्के मर्यादेपार नेऊ शकतात. दिवा नेमका नवं पेट्रोल भरायला लागल्यावर लागला म्हणून सगळा दोष इथेनॉलवर टाकणारे मला भेटतात. त्यांनी आधी गळती शोधावी असं मला मनापासून वाटतं.

कॅट खरोखर मरतो तेव्हाही बहुधा त्याला कुणीतरी मारलेलं असतं. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस जाळीवर थर धरतो. प्लग किंवा कॉइल अधूनमधून चुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळेपर्यंत तापते. ते कारण तसंच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. मागच्या सेन्सरखाली स्पेसर घालून त्याला धुरापासून दूर ठेवायचा, म्हणजे दिवा लागणार नाही, असाही उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने दिव्याचा प्रश्न सुटतो. धूर आहे तसाच राहतो, आणि तो मागून येणारा स्कूटरवाला छातीत घेतो.

ही एकेका गाडीची किरकोळ कुरबुर नाही. डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यावर आडवा अवरक्त किरण सोडून जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजला. पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसलं: साधारण निम्मा कार्बन मोनॉक्साइड जेमतेम दहा टक्के गाड्यांतून येत होता. त्या गाड्या जुन्याच असत असं नाही, बिघडलेल्या असत. नीट ठेवलेली जुनी गाडी त्यांच्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ निघे.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना म्हणूनच स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर जवळ ठेवावा. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, पिवळा दिवा क्षणभर लागायलाच हवा. लागत नसेल तर तो काढलेला असू शकतो. मग स्कॅनरवर "मॉनिटर" किंवा "रेडिनेस" नावाची यादी उघडावी. कोड पुसले की गाडीच्या या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात, आणि कॅटची चाचणी पुरी व्हायला गरम इंजिनाने एका वेगात बराच वेळ चालावं लागतं. यादीत कॅटसमोर "अपूर्ण" दिसत असेल तर विक्रेत्याने कोड नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता आहे. बॅटरी काढून लावली तरी हेच दिसतं, तेव्हा लगेच आरोप करू नये. गाडी हायवेवर साठच्या वेगाने बऱ्यापैकी लांब फिरवून आणावी, ट्रिमचे आकडे आयडलिंगवर आणि रेस देऊन दोन्ही वेळा टिपून घ्यावेत, प्रलंबित कोड बघावेत, आणि मगच भावाचं बोलायला बसावं.