पहिल्या भेटीला येताना गोळ्यांची पाकिटं आणाच

आम्हा मानसोपचारतज्ज्ञांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतात. भाऊ खोलीत सारख्या येरझाऱ्या घालतोय, आई तासन्‌तास एकाच जागी बसून आहे. खाली प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, हा कुठला आजार?" व्हिडिओ जरूर काढा, भेटीत त्याचा उपयोग होतो. पण तेवढ्यावरून आम्ही आजाराचं नाव सांगत नाही.

येरझाऱ्यांचंच बघा. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बडबड थांबत नाही, पैसे उधळणं चाललंय, तर मॅनियाची, म्हणजे मन अति उत्तेजित होण्याच्या आजाराची शंका येते. पण माणूस खुर्चीत बसतो, पाय चाळवतो, लगेच उठतो, "बसवतच नाही" म्हणतो आणि हॅलोपेरिडॉलसारखी मानसिक आजारावरची गोळी नुकतीच सुरू झालीय किंवा डोस वाढलाय, तर तो बहुधा गोळीचाच परिणाम असतो. त्याला अकॅथिझिया म्हणतात. घरच्यांना वाटतं आजार बळावला. ते डोस वाढवून मागतात आणि बिचाऱ्याची तगमग आणखी वाढते. खरं तर डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांना आराम पडतो. मात्र हे डॉक्टरांना विचारून. मनाने गोळी बंद करू नका.

म्हणून पाकिटांचा आग्रह. "रात्रीची छोटी पांढरी गोळी" एवढ्यावरून काही कळत नाही, आणि भेटीचा निम्मा वेळ मेडिकलवाल्याला फोन करण्यात जातो. इतर डॉक्टरांची औषधंही आणा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेसुद्धा कधी कधी मान वाकडी होते, डोळे वर जातात; घरात लगेच 'बाहेरचं' म्हणून धावपळ सुरू होते.

"मनाच्या आजाराला रक्त कशाला तपासायचं?" असंही विचारतात. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की हात थरथरतात, जीव घाबरा होतो; कमी झालं की माणूस मंद, उदास दिसतो. तपासणी तुमच्या नेहमीच्या लॅबमध्ये करा, आम्हाला फक्त रिपोर्ट हवा.

बोलणं, खाणंपिणं बंद झालं, उचललेला हात तसाच वर राहतोय, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. हा कॅटाटोनिया असू शकतो. लोराझेपाम या औषधाने बऱ्याच जणांना लवकर फरक पडतो. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना ताप, ताठरलेलं अंग आणि गोंधळलेली अवस्था एकत्र दिसली, तर थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे : 14416.

आमच्याकडे पहिल्या भेटीला मुद्दाम जास्त वेळ राखून ठेवलेला असतो. पेशंटसोबत रोज घरात असणारी व्यक्ती आली, तर तो सत्कारणी लागतो.