इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर निवृत्तीनंतर राहायचंय? फाइल नेमकी कुठे अडते

नेपल्सच्या दक्षिणेला सालेर्नो प्रांतात चिलेंतोचा किनारा लागतो. आच्चारोली, पिओप्पी, पिशोत्ता अशी छोटी गावं. ऑक्टोबरातही समुद्रात उतरता येतं. सकाळी धक्क्यावर आलेली मासळी दुपारी ताटात असते आणि संध्याकाळी म्हातारी माणसं चौकातल्या बाकांवर येऊन बसतात, त्यांना कोणी उठवत नाही. भूमध्य आहारावर संशोधन करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज पिओप्पीत घर करून राहिले होते. २०१० साली हा आहार युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हा इटलीकडून चिलेंतोचंच नाव पुढे होतं. पिशोत्ताचे कोळी वसंतात जुन्या पद्धतीच्या मेनाइका जाळ्याने जे मासे धरतात ते आपल्या मांदेलीच्याच कुळातले. कोकणातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही, हे मी अनेकांकडून ऐकलंय आणि मला ते पटतं.

म्हणूनच पुण्या-मुंबईतली निवृत्त मंडळी या गावांची स्वप्नं बघतात, आणि म्हणूनच नाकारलेल्या फाइली बघून जीव तुटतो. माणसं चांगली असतात, पैसेही असतात. पण व्हिसा अधिकारी तुमच्याकडे किती पैसा आहे यापेक्षा तो कुठून येतो आणि पुढेही येत राहील का, हे पाहतो. एवढं एक नीट समजलं तर निम्म्या फाइली वाचतील.

कोणता व्हिसा

नाव ‘रेझिदेन्त्सा एलेत्तीवा’, म्हणजे स्वतःच्या पैशावर, काम न करता तिथे राहायला जाणाऱ्यांचा व्हिसा. दीर्घ मुदतीचा, डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. शुल्क ११६ युरो, निर्णयाला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचं काम मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे. जानेवारी २०२५ पासून या व्हिसासाठीही बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे स्वतः जाणं आलं. एजंटाच्या हाती फाइल देऊन मोकळं होता येत नाही.

गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना हा व्हिसा लागत नाही. ते युरोपीय संघाचे नागरिक, त्यांनी तीन महिन्यांनंतर राहत्या गावच्या पालिकेत नोंद करायची. तिथेही पुरेसं उत्पन्न आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो, पण वाट बरीच सरळ आहे.

उत्पन्न: सगळ्यात जास्त फाइली इथेच पडतात

एका व्यक्तीसाठी वर्षाला साधारण ३१,००० युरो ही किमान पातळी धरली जाते. जोडीदारासाठी त्यावर २० टक्के, अवलंबून असलेल्या प्रत्येक मुलामागे ५ टक्के. युरोचे शंभर रुपये धरले तर नवरा-बायकोला वर्षाला ३७ लाखांच्या पुढे जावं लागतं. हा आकडा गाठला म्हणजे व्हिसा मिळालाच असं नाही. अधिकाऱ्याला वाटलं तर तो जास्त मागू शकतो, आणि मागतो.

आता आपली अडचण. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या मराठी माणसाकडे बहुधा पुरेशी पेन्शन नसते. असतो तो पीएफ, ग्रॅच्युइटी, बँकेतल्या मुदत ठेवी आणि विकलेल्या फ्लॅटचे पैसे. दोन-तीन कोटींची शिल्लक असते आणि घरच्यांना वाटतं, याहून मोठा पुरावा काय हवा? पण हा व्हिसा ठोक रकमेवर मिळत नाही. दर महिन्याला किंवा दर वर्षाला, काम न करता, नियमित येणारा पैसा दाखवावा लागतो. पेन्शन, विमा कंपनीची ॲन्युइटी (ठरावीक काळाने येणारी बांधलेली रक्कम), घरभाडं, लाभांश हे चालतं. ठेवींवरचं व्याज काही वेळा धरलं जातं, पण त्या एकाच खांबावर फाइल उभी करू नये. शिल्लक ही जोडीला असावी, मुख्य पुरावा म्हणून नव्हे.

घरभाड्याबद्दल खास सांगतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा लागतो, तरी कित्येक जण साध्या स्टॅम्पपेपरवर भागवतात आणि भाडं रोख घेतात. असं भाडं दूतावासाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. नोंदणीकृत करार, बँकेत जमा होणारी रक्कम आणि आयकर विवरणपत्रात तेच उत्पन्न, या तिन्ही ठिकाणी आकडा एकच दिसला पाहिजे. मनात इटली असेल तर दोन वर्षं आधीपासून ही शिस्त लावा. अर्जाच्या महिन्यात करार नोंदवला तर ते कोणाच्याही लक्षात येतं.

दुसरा सापळा सल्लागारीचा. निवृत्तीनंतर जुन्या कंपनीसाठी अधूनमधून काम करणारे पुष्कळ असतात. विवरणपत्रात व्यावसायिक फी दिसली आणि तुम्ही तीही उत्पन्नात मोजली, तर अर्ज जवळपास गेलाच. या व्हिसावर नोकरी, धंदा, ऑनलाइन काम, काहीच चालत नाही. ज्यांना काम करायचंय त्यांच्यासाठी डिजिटल नोमॅडचा, म्हणजे परदेशात राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांचा, वेगळा व्हिसा २०२४ पासून आहे, त्याच्या अटी वेगळ्या.

घर: व्हिसाच्या आधी

न पाहिलेल्या गावात, व्हिसा मिळेल की नाही ठाऊक नसताना, वर्षभराचं घर भाड्याने घेऊन ठेवा असं सांगणारी ही अट आहे. अन्यायकारक वाटते, आणि मला तरी ती अन्यायकारकच वाटते. पण ती टळत नाही. सुट्टीच्या घराचं ऑनलाइन बुकिंग, हॉटेलची पावती, मित्राचं ‘या आमच्याकडे’ असं पत्र, यातलं काही चालत नाही. इटलीच्या कर खात्यात नोंदवलेला भाडेकरार किंवा मालकीचा दस्त लागतो.

किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक पेच असतो. घरमालक जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याच्या दराने भरपूर कमावतो, म्हणून तो तुम्हाला ऑक्टोबर ते मे एवढंच घर द्यायला तयार असतो. आठ महिन्यांचा तो करार घेऊन लोक आनंदाने अर्ज करतात आणि ‘उरलेले चार महिने कुठे?’ या प्रश्नावर अडकतात. करार पूर्ण वर्षाचा हवा. समुद्रापासून थोडं वर, डोंगराच्या उतारावर घर पाहिलं तर मालक सहज तयार होतो आणि भाडंही कमी पडतं. घर पाहताना हिवाळ्यात ते गरम कसं होतं हे जरूर विचारा. उन्हाळ्यापुरती बांधलेली घरं जानेवारीत ओलीगार होतात, आणि सत्तरीतल्या सांध्यांना ते सोसत नाही.

करार करायला ‘कोदिचे फिस्काले’ हा कर क्रमांक लागतो. तो मुंबईच्या दूतावासाकडून भारतातूनच, विनाशुल्क मिळतो. तिथे जाऊन काढू म्हणून थांबू नका.

घर विकतच घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर पहिल्या वर्षी तरी नाही असंच असतं. भारत आणि इटली यांच्यात परस्परतेची अट आडवी येते. आपल्या देशात परदेशी माणसाला घर घेण्यावर जी बंधनं आहेत त्यांचा हिशेब तिथला नोटरी मांडतो. बयाणा देण्याआधी त्याचं लेखी मत घ्या.

विवाहाचा दाखला

जोडप्यांच्या फाइलीत हमखास नसलेला कागद हा. १९७०-८० च्या दशकात लग्न झालेल्या अनेकांनी नोंदणी केलेलीच नाही. पत्रिका आहे, अल्बम आहे, दाखला नाही. नोंदणी आजही होते. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे ‘नमुना ड’ भरायचा, तीन साक्षीदार आणायचे. लग्न लावणारे भटजी आता हयात नसतात, तेव्हा प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. निबंधकाच्या खिडकीवर ‘उद्या या’ ऐकायची तयारी ठेवा आणि या एका कामाला दोन-तीन महिने धरा.

मग नावं. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव, कुठे ‘व्ही.’ तर कुठे पूर्ण ‘विष्णू’. काकूंच्या पासपोर्टवर एक, पेन्शनच्या पुस्तकात दुसरं, फ्लॅटच्या करारात तिसरं. आपल्याकडे हे सवयीचं आहे, इटालियन कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. शक्य तिथे दुरुस्ती करा, नाही तिथे राजपत्रातली नोंद किंवा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या.

दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, आणि शेवटी इटालियन भाषांतर. हा क्रम उलटा झाला, म्हणजे भाषांतर आधी आणि अपोस्टिल नंतर, तर भाषांतरात अपोस्टिल येत नाही आणि ते पुन्हा करावं लागतं. पैसे दोनदा जातात.

विमा आणि अर्जाचं पत्र

किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असलेला आरोग्यविमा लागतो. प्रवासविमा बहुधा १८० दिवसांत संपतो, तुम्हाला वर्षाचा हवा. सत्तरी ओलांडली की पर्याय फार कमी होतात, म्हणून कोटेशन घेण्याचं काम सगळ्यात आधी करा.

का जायचंय, हेच गाव का, याचं पत्र स्वतः लिहा. त्यात ‘सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे’ असं प्रामाणिकपणे लिहिणारे पस्तावतात. हा व्हिसा इटलीत कायम राहायला जाणाऱ्यांचा आहे. खरोखर अर्धं वर्षच राहायचं असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे, हे आधीच स्वीकारलेलं बरं.

नकार लेखी मिळतो, फी परत मिळत नाही. रोमच्या प्रशासकीय न्यायालयात ६० दिवसांत दाद मागता येते. पण कागद अपुरे म्हणून नकार असेल तर नव्याने अर्ज करणंच स्वस्त पडतं.

पोहोचल्यावर: आठ दिवस

इटलीत पाऊल ठेवल्यापासून आठ कामाच्या दिवसांत ‘पेर्मेसो दि सोज्जोर्नो’, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा. व्हिसा वर्षभराचा आहे म्हणून लोक निवांत असतात, इथेच घोटाळा होतो. मोठ्या पोस्टात परवान्याचा संच फुकट मिळतो. फॉर्म भरा, १६ युरोंचा मुद्रांक लावा, पासपोर्टच्या प्रती घाला आणि पाकीट उघडंच न्या, काउंटरवरची बाई आत पाहून मगच बंद करते. ती जी पावती देते तिची प्रत काढून एक घरी ठेवा. कार्ड हातात येईपर्यंत ती पावतीच तुमचा परवाना. त्यावर सालेर्नोच्या क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस कार्यालयात, ठशांसाठी जायची तारीख असते. १५ ऑगस्टच्या आसपास पोहोचू नका, सगळा देश सुट्टीवर असतो.

मग कोमूनेत, म्हणजे गावच्या पालिकेत रहिवासी नोंद. पालिकेचा पोलीस घरी येऊन तुम्ही खरंच तिथे राहता का पाहून जातो. दारावर आणि टपालपेटीवर नावाची चिठ्ठी नसेल तर तो ‘आढळले नाहीत’ लिहून परत फिरतो. साधी चिठ्ठी, पण विसरू नका.

सरकारी आरोग्यसेवेत ऐच्छिक नोंदणी २०२४ पासून वर्षाला किमान २,००० युरो आहे. ती १ जानेवारी ते ३१ डिसेंबर मोजली जाते. नोव्हेंबरात भरलीत तरी रक्कम पूर्ण आणि लाभ दोन महिन्यांचा.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी. त्याची पावती हातात असताना भारतात यायचं झालं तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे तिकीट काढू नका, दुसऱ्या शेंगेन देशातून जाण्याची मुभा त्या पावतीवर नसते. थेट विमान किंवा आखातातून रोम.

सात टक्क्यांची करसवलत

२०१९ पासून इटली परदेशी पेन्शनरांना दक्षिणेतल्या छोट्या गावांत सवलत देतं: परदेशातल्या सगळ्या उत्पन्नावर ७ टक्के सपाट कर, एकूण दहा वर्षं. कांपानिया, कालाब्रिया, पूलिया, बाझिलिकाता, सिसिली, सार्डिनिया, मोलिझे, आब्रुत्सो ही राज्यं त्यात येतात. योजना आली तेव्हा गावाच्या लोकसंख्येची मर्यादा २०,००० होती, तुमच्या वर्षी लागू असलेला आकडा पाहून घ्या. आच्चारोली आणि पिओप्पी ज्या पोल्लिका पालिकेत येतात ती दोन-अडीच हजार वस्तीची, तिथे चिंता नाही.

यात एक मोठा अडसर आहे: परदेशातून पेन्शन हवीच. भाडं आणि लाभांशावर व्हिसा मिळालेल्याला ही सवलत मिळत नाही, त्याला नेहमीचे दर. आणि सरकारी पेन्शनचा कर दोन देशांच्या करारानुसार वेगळा पाहावा लागतो, म्हणून निघण्याआधी दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या सीएला भेटा.

भारताचे निवासी असताना बाहेर पैसे नेण्याला आर्थिक वर्षाला माणशी २.५ लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच गोळा केलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. अनिवासी झालात की बँक खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या प्रकारची, करून घ्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकला तर पेन्शन थांबते, आणि पेन्शन थांबली की परवान्याच्या नूतनीकरणाचा पुरावाही जातो. डिजिटल दाखल्याची व्यवस्था भारतात असतानाच लावून ठेवा.

शेवटी गाडी. भारतीय लायसन्स इटलीत बदलून मिळत नाही. रहिवासी झाल्यावर वर्षभर आंतरराष्ट्रीय परवान्यासह चालवता येतं, नंतर तिथली परीक्षा, लेखीसुद्धा इटालियनमध्ये. डोंगरउतारावरच्या गावात बस दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा भाषेचा वर्ग पहिल्याच महिन्यात सुरू करा आणि घर शक्यतो वाणसामान, औषधाचं दुकान आणि बसथांबा चालत गाठता येईल असं पाहा.