जंतू मारणारा थेंब आणि लाली उतरवणारा थेंब

नागपुरात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ होतात. ऑटोवाल्याला 'मेडिकलला चला' म्हटले तर तो 1947 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात नेऊन सोडतो, आणि घरातल्या पोराला 'मेडिकलमध्ये जाऊन ये' म्हटले तर तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो. डोळा लाल झाला की बहुतेक माणसे या दुसऱ्या मेडिकलचा रस्ता धरतात आणि "भाऊ, डोळे आले आहेत, मागच्या वेळी दिले होते तेच थेंब द्या न" असे सांगून पाच मिलीलिटरची एक छोटी बाटली घेऊन परततात. त्या बाटलीत नेमके काय आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. वास्तविक दुकानाच्या त्याच फळीवर दोन अगदी वेगळ्या स्वभावाची औषधे जवळजवळ सारख्या खोक्यांत उभी असतात: एक अँटिबायोटिक आणि दुसरे स्टेरॉईड. तिसरे खोके या दोघांच्या मिश्रणाचे असते, आणि घोटाळा बहुधा त्याच्यापाशी होतो.

अँटिबायोटिकचा थेंब जिवाणूवर काम करतो. मोक्सिफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या एकाच कुळातल्या औषधांमुळे जिवाणूला आपल्या डीएनएची नक्कल करता येत नाही. टोब्रामायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल त्याचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतात. विषाणूवर यांपैकी एकाचाही उपयोग होत नाही आणि बुरशीवरही भरवसा ठेवावा असा होत नाही. स्टेरॉईडचा थेंब मात्र जंतूकडे पाहतसुद्धा नाही. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही औषधे आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेवर काम करतात. डोळ्यात काही बिघडले की रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज, लाली, पाणी आणि चुरचुर सुरू होते. स्टेरॉईड ही सगळी धावपळ थांबवते. ही धावपळ कधी खरोखरच डोळ्याचे नुकसान करत असते, आणि तेव्हा ती थांबवणे हाच उपचार असतो. पण कधी तीच जंतूला रोखून धरत असते.

स्टेरॉईड फसवते ते याच ठिकाणी. त्याचा थेंब पडला की एका-दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, चुरचुर जाते आणि माणसाला वाटते की औषध लागू पडले. अँटिबायोटिकचा परिणाम इतका देखणा नसतो. जंतू मेल्यानंतरही लाली काही दिवस रेंगाळते. त्यामुळे ज्याने नुसते अँटिबायोटिक दिले त्याचे औषध 'हलके' ठरते आणि ज्याने स्टेरॉईडचे मिश्रण दिले तो 'हाताला गुण असलेला' ठरतो. लाली उतरणे आणि संसर्ग जाणे या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. स्टेरॉईड पहिली गोष्ट घडवून आणते, आणि दुसरी घडली की नाही याचा पत्ता लागू देत नाही.

ही गल्लत किती सहज होते ते मी आमच्याच घरात पाहिले. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, थेंबांचा चार्ट संपला, आणि अर्धी उरलेली बाटली फ्रीजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, जाऊन बसली. तीन महिन्यांनी शाळेतून भाचा लाल डोळे घेऊन आला. आईने लगेच ती बाटली काढली आणि म्हणाली, "माझ्या डॉक्टरांनीच दिलेली आहे, चांगली आहे, घाल त्याला दोन थेंब." बहिणीने झाकण उघडलेच होते. मी ती खिडकीपाशी नेली आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली: मोक्सिफ्लॉक्सॅसिन 0.5 टक्के, आणि त्याखालच्या ओळीत, अजून बारीक अक्षरांत, डेक्सामेथासोन 0.1 टक्के. आईच्या डोळ्याला ऑपरेशननंतरची सूज उतरवण्यासाठी ते मिश्रण अगदी योग्य होते. नऊ वर्षांच्या मुलाच्या, कशाने लाल झाला हे कुणी पाहिलेलेही नाही अशा डोळ्यासाठी ते योग्य नव्हते. शिवाय बाटली उघडून महिना उलटून कितीतरी दिवस झाले होते.

खोक्यावरचे मोठे नाव येथे कामाचे नाही. एकच कंपनी साधे अँटिबायोटिक एका नावाने विकते आणि त्याच नावापुढे 'डी', 'डीएम', 'डीएक्स' किंवा 'एलपी' अशी शेपटी लावून स्टेरॉईड घातलेले मिश्रण विकते. रंग तोच, बाटली तीच. ही शेपटी बहुधा डेक्सामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांची खूण असते. म्हणून वाचायची ती नावाखालची घटकांची ओळ. 'सोन' किंवा 'लोन' हा शेवट असलेला, अथवा 'प्रेड' हा तुकडा असलेला शब्द दिसला, तर बाटलीत स्टेरॉईड आहे असे समजून चालावे. दोन्ही प्रकारची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत असे कायदा सांगतो आणि तशी सूचना खोक्यावर छापलेलीही असते. व्यवहार काय आहे, ते वाचकांना ठाऊक आहे.

आता मूळ तक्रारीकडे, म्हणजे 'डोळे येणे' याकडे वळू. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर जी साथ पसरली, तिच्यासारख्या साथी मुख्यतः विषाणूंच्या असतात. विषाणूने आलेल्या डोळ्यातून पातळ पाणी वाहते, बहुधा आधी एक डोळा येतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा, सोबत सर्दी किंवा घसा धरलेला असतो, आणि कधी कानापुढची गाठ दुखते. हा आजार एक ते तीन आठवड्यांत आपणहून जातो; अँटिबायोटिकने तो लवकर जात नाही. जिवाणूच्या संसर्गात पिवळा किंवा हिरवट, घट्ट पू येतो. पुसला तरी तासाभरात पुन्हा जमतो, आणि सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. ॲलर्जीत सर्वांत मोठी तक्रार खाजेची असते आणि स्राव दोऱ्यासारखा ताणला जातो. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, चिपडे विषाणूच्या आजारातही येतात. तेव्हा घरच्या घरी निदान पक्के करण्यापेक्षा कोणती चूक महागात पडते हे ओळखणे अधिक उपयोगाचे आहे. साध्या जिवाणू-संसर्गात डॉक्टर नुसते अँटिबायोटिक देतात, उदाहरणार्थ मोक्सिफ्लॉक्सॅसिन दिवसातून तीन वेळा, सात दिवस. विषाणूच्या संसर्गात ते उगाच घातले गेले तर पैसे वाया जातात, डोळा थोडा चुरचुरतो आणि जंतूंना औषधाची सवय लावण्यात आपलाही हातभार लागतो. हे नुकसान आहेच, पण स्टेरॉईड चुकीच्या जागी पडले तर नुकसान डोळ्याचे होते.

बुबुळावर जखम असेल तेव्हा ही गोष्ट सर्वांत ठळकपणे दिसते. हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी बारीक जखम करतो; वरून डोळा फक्त लाल दिसतो, ती फांदी डॉक्टरांना रंगाचा थेंब घालून आणि निळ्या प्रकाशात पाहूनच दिसते. त्या डोळ्यात, विषाणूवरच्या औषधाचे कवच नसताना, स्टेरॉईड गेले तर फांदीची पसरट जखम होते. दुसरा प्रकार आपल्या विदर्भाच्या शेतीशी जोडलेला आहे. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागते, तुरीची मळणी करताना कोंडा उडतो, काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत काटा लागतो. अशा वनस्पतीजन्य जखमेतून फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस यांसारखी बुरशी बुबुळात शिरते. तिच्यावर नॅटामायसिनसारखे बुरशीनाशक थेंब लागतात. अँटिबायोटिक तिथे बहुधा निरुपयोगी असते, आणि स्टेरॉईड तर बुरशीला मोकळे रान देते. गावाकडून उशिरा आलेल्या रुग्णाच्या पिशवीत मिश्रणाची अर्धी बाटली सापडणे आणि बुबुळावर पांढरे फूल दिसणे, ही जोडी नेत्रविभागातल्या डॉक्टरांना नवी नाही.

मग संसर्गात स्टेरॉईड कधीच द्यायचे नाही काय? तसे नाही, आणि या प्रश्नाची नीट परीक्षा भारतातच झाली आहे. बुबुळावरच्या जिवाणूजन्य जखमेत जंतू मेल्यावरही दाहामुळे डाग पडतो, म्हणून स्टेरॉईडने तो कमी होईल अशी आशा होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मोठ्या सहभागाने झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 500 रुग्ण होते. प्रयोगशाळेत जिवाणू सिद्ध झालेल्या प्रत्येकाला आधी किमान 48 तास मोक्सिफ्लॉक्सॅसिन देण्यात आले. त्यानंतर निम्म्यांना स्टेरॉईडचे थेंब आणि निम्म्यांना औषध नसलेले थेंब. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या नजरेत एकंदरीत फरक आढळला नाही. सुरुवातीलाच नजर फार खालावलेल्या रुग्णांत काहीसा फायदा दिसला. मला या चाचणीत निकालापेक्षा तिचा क्रम बोलका वाटतो: आधी जंतू ओळखला, मग दोन दिवस त्याच्यावर औषध चालवले, आणि मगच स्टेरॉईड, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. दुकानातल्या मिश्रणाची बाटली हे तिन्ही टप्पे एका थेंबात उरकते, आणि पहिला टप्पा तर गाळूनच टाकते.

दुसरा धोका संसर्गाशी संबंधित नाही, आणि तो दुखत नाही म्हणून अधिक कपटी आहे. डोळ्याच्या आतला दाब साधारण पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. स्टेरॉईडचे थेंब काही आठवडे चालले तर सुमारे एक तृतीयांश लोकांत तो थोडाफार वाढतो आणि साधारण शंभरात पाच जणांत चांगलाच वाढतो. लोटेप्रेडनॉल आणि फ्लुरोमेथोलोन यांनी दाब कमी वाढतो, पण वाढतच नाही असे नव्हे. वाढलेला दाब नेत्राची नस हळूहळू मारतो. यालाच काचबिंदू म्हणतात, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही होतो, तो निदान काढता तरी येतो. नागपूरच्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात मुले डोळे चोळून चोळून लाल करतात. एकदा डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी आठवडाभर दिलेले स्टेरॉईड पुढच्या मार्चमध्ये, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये, त्याच जुन्या चिठ्ठीवर आणले जाते. मुलाला आराम पडतो, खाज थांबते, कुणाला शंका येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेले 'सात दिवस' हे शब्द तेवढे कुणी वाचलेले नसतात.

थांबवण्याची रीतही दोघांची उलट आहे. अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण मात्रेने घालायचे आणि एकदम बंद करायचे. 'आता बरे वाटते, दिवसातून एकदाच घालू' ही काटकसर जंतूच्या पथ्यावर पडते. स्टेरॉईड काही आठवडे चालले असेल तर ते टप्प्याटप्प्याने कमी करतात, कारण एकदम सोडल्यास दाबून ठेवलेला दाह उसळून येतो. मोतीबिंदूनंतरच्या चार्टवर सहा वेळा, पाच वेळा, चार वेळा अशी उतरती भाजणी असते ती याच कारणाने.

थेंब घालण्याच्या पद्धतीत फार फरक नाही. हात धुवावेत, खालची पापणी ओढून खळगा करावा आणि एकच थेंब टाकावा. डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते, दुसरा थेंब गालावर जातो. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, आणि मलम शेवटी लावावे. प्रेडनिसोलोन ॲसिटेटची दुधाळ बाटली आधी नीट हलवावी लागते, नाही तर सुरुवातीला नुसते पाणी पडते आणि शेवटी घट्ट औषध. बाटलीचे टोक पापणीला लावू नये, एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नये, संसर्ग जाईपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये. आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना बाटली स्कूटरच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीत खरेदीला जाऊ नये. खोक्यावर साठवणुकीचे जे तापमान लिहिलेले असते, त्याच्या कितीतरी वर त्या डिक्कीतली उष्णता जाते.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका असेल, काडी-कचरा लागलेला असेल, लेन्स वापरणारा असेल किंवा तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, तर कोपऱ्यावरचे मेडिकल टाळून पहिल्या अर्थाच्या मेडिकलमध्ये, मेयो रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. जाताना आतापर्यंत घातलेली प्रत्येक बाटली, तिच्या खोक्यासह, पिशवीत टाकून न्यावी आणि कितव्या दिवसापासून घालतो आहोत ते सांगावे. स्टेरॉईड पडलेला डोळा तपासणाऱ्यालाही शांत दिसू शकतो. बाटली समोर आली की डॉक्टर रंगाचा थेंब घालून बुबुळ पाहतात आणि गरज वाटल्यास दाब मोजतात. भाच्याला आम्ही तसेच नेले. त्याला विषाणूचाच त्रास होता, आणि चिठ्ठीवर अश्रूंसारखे साधे थेंब आणि थंड पाण्याच्या घड्या एवढेच होते.