आधी पडायची जागा, मग फ्रेम

घुमटासमोरच्या चौकात मैफल रंगलेली असते आणि टीव्हीवर दिसतं की कॅमेरा हजारो डोक्यांवरून तरंगत मंचाकडे निघालाय. काम जाणणाऱ्या टीमचा ड्रोन त्या वेळी गर्दीच्या वर नसतोच. तो बाजूच्या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, मंचापासून पावणेदोनशे मीटर लांब असतो. ही जागा ठरते एका प्रश्नावरून: या क्षणी पंखे बंद पडले तर हा कुठे आदळेल?

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. ९०० ग्रॅमचा ड्रोन ५० मीटरवरून सुटला आणि हवेचा विरोध धरला नाही, तर ३.२ सेकंदांत जमिनीवर येतो. तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटर आणि ऊर्जा ४४० ज्यूल असते. प्रत्यक्षात हवा त्याला बरंच आवरते, पण उरलेली ऊर्जाही डोकं फोडायला पुरते. शिवाय तो सरळ खाली पडत नाही. सेकंदाला १० मीटर वेगाने चाललेला असेल तर तेवढ्या वेळात ३२ मीटर पुढे जातो, त्यात वाऱ्याची भर वेगळी. युरोपात ‘एकास एक’ हा ठोकताळा वापरतात तो याचसाठी: जितकी उंची, निदान तितकंच माणसांपासून आडवं अंतर.

हे कागदी भय नाही. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीत, मादोन्ना दि काम्पिल्योच्या रात्रीच्या स्कीइंग शर्यतीत, ऑस्ट्रियाचा स्कीपटू मार्सेल हिर्शर उतारावर असताना कॅमेऱ्याचा ड्रोन त्याच्या पाठीमागे अगदी हाताच्या अंतरावर कोसळला. थेट प्रक्षेपणात. प्राथमिक तपासात बोट दाखवलं गेलं ते रेडिओ-व्यत्ययाकडे.

मग इतक्या लांबून भरीव चित्र कसं मिळतं? फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, मापात बोलायचं तर चौकटीत मावणारी रुंदी म्हणजे अंतर गुणिले ३६ भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा). २४ मिमी लेन्सने ६० मीटरवरून ९० मीटर रुंदी मावते, ७० मिमीने १७५ मीटरवरून तेवढीच. मंच दोन्हीकडे सारख्याच आकाराचा दिसतो. पण मंचामागे १०० मीटरवर घुमट असेल तर तो दुसऱ्या चित्रात जवळजवळ १.७ पट मोठा येतो. पहिल्या जागेवरून घुमट मंचाच्या अडीचपटीहून लांब असतो, दुसरीवरून दीडपटीहून किंचित जास्त. ज्या वास्तूसाठी एवढा खटाटोप, ती लांब गेल्यावरच भव्य दिसते. इथे सुरक्षितता आणि सौंदर्य एकाच बाजूला आहेत आणि तरीही लोक जवळ घुसतात, याचं नवल वाटतं. लांब लेन्सची किंमत इतकीच की रिमोटवरचं बोट किंचित हललं तरी चौकट झोके खाते. त्यामुळे ड्रोनचा वळण्याचा आणि गिम्बलचा (कॅमेरा स्थिर धरून फिरवणाऱ्या जोडणीचा) वेग सेटिंगमध्ये बराच खाली आणावा लागतो.

मोकळा पट्टा आखला तरी ड्रोन त्यातच राहील याची हमी नाही. तो भरकटतो त्याची कारणं बहुधा जमिनीवरच सापडतात. शेजारच्या इमारतीची गच्ची टेकऑफला सोयीची वाटते, पण स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनचा कंपास चुकीची दिशा धरतो. जमिनीवर असताना पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. वर गेल्यावर उपग्रहांकडून कळणारी सरक आणि कंपासने सांगितलेली दिशा जुळत नाहीत, आणि ड्रोन एका जागी थांबायच्या ऐवजी रुंदावत जाणाऱ्या गोल चकरा मारू लागतो. अशा वेळी कंपास तिथेच पुन्हा जुळवणं म्हणजे चूक पक्की करणं. जागाच बदलायची. लोखंडी बॅरिकेड, जनरेटर, मंचाचा सांगाडा, गाड्या यांपासून दूर, शक्यतो मातीवर किंवा गवतावर.

उंच इमारतींच्या घळीत उपग्रहांचे संकेत काचेवर आपटून येतात. प्रकाशाइतक्या वेगाच्या संकेताला ३० मीटर जादा वाट पडली, म्हणजे फक्त १०० नॅनोसेकंद उशीर झाला, तरी त्या उपग्रहापासूनचं अंतर तेवढ्याने चुकतं. पडद्यावर उपग्रहांची संख्या भरघोस दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. त्यातले काही भिंतीवरून ‘बोलत’ असतात.

रेडिओचं दुखणं जास्त फसवं, कारण तालमीत ते दिसत नाही. रिकाम्या चौकात आदल्या दिवशी सिग्नल ठणठणीत असतो. कार्यक्रमाच्या वेळी त्याच २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत हजारो फोनांचं वाय-फाय आणि ब्लूटूथ घुसतं, वर इतरांचे बिनतारी कॅमेरे. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, ते या लहरी शोषून घेतं. पायलट गर्दीत उभा असेल तर लिंक कच्ची पडते. दोन-तीन पायऱ्यांच्या मचाणावर चढून रिमोट डोक्यांच्या वर आणला तरी फरक पडतो. कोणता चॅनेल कोण वापरणार हे ध्वनी आणि प्रक्षेपण विभागाशी बसून आधी ठरवलेलं असावं.

सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप ‘रिटर्न टू होम’ला, म्हणजे उडाल्या जागी परत यायला लागतो, आणि ऐतिहासिक वास्तूभोवती हीच सोय अंगाशी येऊ शकते. परतीची उंची सर्वांत उंच टोकाच्या वर हवी, आणि टोक म्हणजे कळस नव्हे, त्यावरचा वीजवाहक दांडा. कमानीखाली शॉट घेताना सिग्नल गेला तर बहुतेक ड्रोन आधी सरळ वर चढतात, म्हणजे थेट कमानीच्या पोटात. तेवढ्या शॉटपुरतं सेटिंग बदलून ‘जागीच थांब’ करायचं, आणि बाहेर पडताच पुन्हा पूर्ववत. अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरवर भिस्त ठेवू नये. बारीक तारा आणि स्वच्छ काच त्यांना नीट दिसत नाहीत, आणि नुसते कॅमेऱ्यावर चालणारे सेन्सर अंधारात आंधळेच.

वारा हातातल्या मीटरवर सेकंदाला ४ मीटर दाखवतो आणि कळसापाशी ९ असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. घुमटाच्या आडोशाला शांत हवा मिळेल असं वाटतं, प्रत्यक्षात तिथे हवा खाली ओढणारे भोवरे असतात. चिन्ह चित्रातच दिसतं: ड्रोन जागेवर आहे, पण वाऱ्याकडे इतका कललाय की चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पंख्याचं पातं डोकावतं. ते दिसलं की शॉट सोडायचा.

उजेडाचा हिशेब त्यामानाने सरळ. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ला शटर १/३२००च्या आसपास लागतो. सेकंदाला २५ फ्रेममध्ये हालचाल स्वाभाविक दिसायला तो १/५० हवा, म्हणजे प्रकाश ६४ पटींनी कमी करायचा, म्हणजेच एनडी ६४ फिल्टर. संध्याकाळ उतरते तसा फिल्टर बदलायला ड्रोन खाली आणावा लागतो, ते बॅटरी बदलण्याशी जुळवून घ्यावं. मंचामागच्या एलईडी भिंतीवर पट्टे येतात का, हे तालमीत ती भिंत लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

थेट प्रक्षेपणात आणखी एक भानगड. ड्रोनचं चित्र बिनतारी येताना साधारण १२० मिलिसेकंद उशिरा आलं, तर २५ फ्रेममध्ये ते तीन फ्रेम मागे पडतं. तबल्यावर थाप आधी ऐकू येते, हात नंतर पडतो. ध्वनीसह बाकी सगळं तेवढं मागे ओढता येतं. नाहीतर दिग्दर्शकाने ड्रोनवरून फक्त लांबचे शॉट घ्यावेत.

खोक्यावर ३५ मिनिटं छापलेली असली तरी वारा आणि परतीची राखीव धरून हाती वीसेक मिनिटं येतात. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरायचं. सलग चित्र हवं असेल तर दोन ड्रोन, आणि पहिला उतरायच्या आधी दुसरा वर. पायलट, कॅमेरा चालवणारा आणि नजर फक्त आकाशात व गर्दीवर ठेवणारा स्पॉटर, अशी तीन माणसं लागतातच. एकटा माणूस पडद्यात पाहतो तेव्हा ड्रोनकडे कोणीच पाहत नसतं.

सर्वांत वाईट वेळ कार्यक्रम संपतानाची. शेवटच्या आतषबाजीपर्यंत ड्रोन वर ठेवायचा मोह असतो. १५० मिमी व्यासाचा फटाक्याचा गोळा १५० मीटरहून वर फुटतो आणि त्याचा धूर वाऱ्याखालचं सगळं झाकून टाकतो, म्हणून ड्रोन वारा येतो त्या अंगाला आणि बाजूलाच हवा. तेवढ्यात गर्दी सुटते, बॅरिकेड हलतात आणि ज्या पट्ट्यावर उतरायचं ठरलं होतं तिथे माणसंच माणसं. शेवटच्या फेरीला म्हणूनच ३० ऐवजी ४० टक्के राखीव ठेवतात, दुसरी उतरायची जागा दोरी बांधून, एक माणूस उभा करून मोकळी ठेवतात, आणि शेवटचा गोळा फुटण्याच्या आधीच स्पॉटरच्या सांगण्यावरून ड्रोन खाली घेतात. आतषबाजीचा शेवट मग जमिनीवरचा कॅमेरा टिपतो.