विंडचीटर आणि रेनकोट: पावसाळी जंगलासाठी देशी कपडे निवडताना

मे महिन्याच्या अखेरीस दुकानांत पावसाळी माल लागतो, तेव्हा विंडचीटर आणि रेनकोट एकाच दांडीवर टांगलेले असतात. दोन्ही नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे, दोन्हींना टोपी, दोन्हींना पुढे चेन. आणि विक्रेता दोन्हींवर पाण्याचे चार थेंब टाकून ते कसे घरंगळतात ते दाखवतो. हे प्रात्यक्षिक खोटे नसते, पण गिऱ्हाइकाला जे कळायला हवे ते त्यातून कळत नाही. थेंब घरंगळणे हा कापडाच्या वरच्या पृष्ठभागाचा गुण आहे. पाणी आत न शिरणे हा कापडाच्या आतला थर, शिवणी आणि चेन या तिघांचा मिळून बनलेला गुण आहे. विंडचीटरकडे बहुधा पहिलाच गुण असतो. रेनकोटकडे दुसरा असायलाच हवा. पहिलाही असला तर उत्तम.

अशा कपड्यांची सर्वांत कडक परीक्षा परदेशांत शिकारी मंडळी घेतात, कारण त्यांना ओल्या झाडीत तासन्‌तास निश्चल बसायचे असते, मग एकाएकी चढ चढायचा असतो, आणि कापडाची सळसळ झालेली मुळीच चालत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज काही मोजके अपवाद सोडता शिकारीला बंदी आहे. परंतु कपड्यांची गरज तीच राहिली आहे. चांदोली-कोयनेच्या रानात गस्त घालणारे वनरक्षक, आंबोलीत रात्री बेडूक पाहायला हिंडणारे अभ्यासक, छायाचित्रकार आणि पावसाळी ट्रेकची मंडळी यांना नेमके तेच हवे असते: आवाज न करणारे, न चमकणारे आणि दिवसभराच्या पावसात टिकणारे वस्त्र. (जंगलासाठी म्हणून विकले जाणारे लष्करी धाटणीचे नक्षीदार कापड मात्र टाळावे. २०२२ च्या सेनादिनी पहिल्यांदा दिसलेल्या लष्कराच्या नव्या गणवेशाच्या नक्षीची लष्कराने रीतसर नोंदणी केली आहे. मातकट किंवा शेवाळी रंगाचे साधे कापड रानात तेवढेच काम देते.)

दोन गुण वेगळे आहेत, म्हणून त्यांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. पाणी झटकण्याच्या गुणासाठी फवारा चाचणी असते, जिचे आयएसओ मानक ४९२० आहे. त्यात कापड ४५ अंशांच्या उतारावर ताणून बसवतात, १५० मिलिमीटर उंचीवरून २५० मिलिलिटर पाणी त्यावर फवारतात आणि कापड किती भिजले ते पाहून श्रेणी देतात. अमेरिकी पद्धतीत ही श्रेणी शंभरापैकी देतात, त्यामुळे काही लेबलांवर ‘८०/२०’ असे छापलेले आढळते. त्याचा अर्थ वीस धुण्यांनंतरही श्रेणी ८० राहते, असा असतो. पाणी अडवण्याच्या गुणासाठी जलस्तंभ चाचणी असते, तिचे मानक आयएसओ ८११. तीत कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि पाणी पलीकडे झिरपू लागते त्या क्षणी पाण्याच्या स्तंभाची उंची किती होती ते मिलिमीटरमध्ये नोंदवतात. लेबलावरचा ३,०००, ५,००० किंवा १०,००० मिलिमीटर हा आकडा याच चाचणीचा असतो. विंडचीटरच्या लेबलावर हा आकडा बहुतेकदा नसतोच, आणि ते नसणे हीच माहिती समजावी.

हा आकडा किती असावा, यावर दुकानांत उगाचच चढाओढ चालते. सरळ पडणाऱ्या पावसाचा दाब फार नसतो. पावसापासून संरक्षण देणाऱ्या कपड्यांच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ३४३ मध्ये, तिसऱ्या वर्गासाठी १३,००० पास्कल दाब सोसणे पुरते, आणि तो म्हणजे जेमतेम १,३०० मिलिमीटरचा स्तंभ होतो. मोठे आकडे लागतात ते अंगाचे किंवा ओझ्याचे वजन ओल्या कापडावर पडते तिथे. दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार म्हणजे सुमारे १०,००० मिलिमीटरचा स्तंभ, हा हिशेब एकदा ध्यानात ठेवला की बाकीचे तोंडी सुटते. ओल्या कातळावर एक गुडघा टेकून छायाचित्र घेणाऱ्याच्या गुडघ्यावर ४० किलो भार आला आणि तो ८० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब ५,००० मिलिमीटरच्या बरोबरीचा होतो. तेव्हा ३,००० चा पायजमा तिथे झिरपणार, आणि ते कापड सदोष आहे म्हणून नव्हे. सॅकचे पट्टे खांद्यावर रुततात तिथेही हाच हिशेब लागू पडतो. माझ्या मते सह्याद्रीतल्या पावसाळी पायपिटीसाठी अंगातल्या जाकिटाला ५,००० पुरेत. पायजम्याच्या गुडघ्यांना आणि बुडाला मात्र जास्त आकडा हवा, किंवा तिथे दुहेरी कापड तरी हवे.

कापडाचा आकडा कितीही मोठा असला तरी रेनकोट गळतो तो शिवणीतून. सुई जिथे जिथे गेली तिथे भोक राहते, म्हणून शिवणीवर आतून गरम करून टेप चिकटवावी लागते. दुकानात जाकीट उलटे करावे आणि काखेतली जागा पाहावी, जिथे बाही, पाठ आणि पुढची बाजू यांच्या शिवणी एकत्र येतात. स्वस्त मालात लांब सरळ शिवणींवर टेप असते, पण या तिठ्यावर ती संपलेली, सुरकुतलेली किंवा एक बोट आधीच तुटलेली असते. टोपी मानेला जोडलेली असते ती शिवणही अशीच तपासावी. पावसाचे पाणी डोक्यावरून ओघळून नेमके तिथे साचते. टेपच्या कडेवर नख फिरवून पाहावे. नव्या मालात ती उचलली जात असेल, तर दोन पावसाळेही निघणार नाहीत. आणखी एक सोपी परीक्षा आहे: कापड ओठांशी घट्ट धरून फुंकावे. हवा आरपार गेली तर तो रेनकोट नव्हे. नाही गेली, तर निर्णय अजून शिवणींवर आणि चेनवर आहे.

आता हवा खेळती राहण्याचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त पैसे खर्च होतात. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले, तेव्हापासून रबरी कोटाची तक्रार एकच आहे: बाहेरचे पाणी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. कोलकात्यात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी सुरू केलेल्या कारखान्याचे ‘डकबॅक’ रेनकोट पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी आणि पोस्टमननी वापरले ते याच घराण्यातले. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि १९७६ पासून ‘गोरटेक्स’ नावाने तो कपड्यांत आला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी असतात, त्यामुळे थेंब अडतो आणि वाफ जाते. ही किमया खरी आहे, पण ती चालते वाफेच्या दाबातल्या फरकावर, आणि आपल्याकडे तिचे घोडे तिथेच अडते.

साधा हिशेब मांडू. घामेजलेल्या त्वचेलगतच्या ३३ अंश तापमानाच्या हवेत वाफेचा दाब साधारण ५ किलोपास्कल असतो. युरोपातल्या एखाद्या डोंगरावर १० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर बाहेर हा दाब सुमारे १ किलोपास्कल असतो. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा फरक ४ किलोपास्कलचा. कोकणात जुलैमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत बाहेरचाच दाब ३.२ किलोपास्कलच्या आसपास जातो आणि फरक उरतो १.८. तोच पडदा, तेच जाकीट, पण काम निम्म्याहून कमी. लेबलावरचा दर चौरस मीटरला चोवीस तासांत इतके ग्रॅम वाफ हा आकडा प्रयोगशाळेतला असतो, आणि मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यातही अर्थ नसतो. म्हणून पश्चिम घाटातल्या जुलैसाठी महागड्या पडद्यापेक्षा काखेतल्या लांब चेनी, पाठीवरची झाकलेली झडप आणि सैल घेर यांना मी अधिक मोल देईन. वाफेला वाट उघडी ठेवली तर तिला पडद्यातून झिरपण्याची गरज उरत नाही.

पाणी अडवणे आणि पाणी झटकणे हे दोन्ही मार्ग आपल्या जुन्या पावसाळी साधनांत पूर्वापार होते. भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घ्यायचे इरले म्हणजे बांबूच्या काड्यांच्या सांगाड्यावर एकावर एक रचलेली पाने. पाणी त्यावरून ओघळून जाते, आणि ते अंगाला चिकटत नसल्याने खालून वारा खेळता राहतो. वाकून काम करणाऱ्याला याहून बरे साधन नव्हते. धनगराची घोंगडी हा दुसरा मार्ग. दख्खनी मेंढीच्या लोकरीत थोडी चरबी राहिलेली असते, त्यामुळे खोळ करून पांघरलेल्या घोंगडीवरून रिमझिम पाऊस घरंगळतो. मोठ्या पावसात ती भिजते, जड होते, पण ओली असूनही ऊब देते. इरले हे रेनकोटच्या कुळातले आणि घोंगडी विंडचीटरच्या. पठारावरच्या रिमझिमीत मेंढ्यांमागे हिंडणाऱ्याने घोंगडी निवडली आणि कोकणच्या धारेखाली उभ्या असणाऱ्याने इरले निवडले, यात दोघांचाही हिशेब चुकलेला नव्हता.

दोन्ही गुण टिकण्याच्या बाबतीतही वेगळे वागतात. पाणी झटकणारा लेप आधी जातो. धुण्याच्या पावडरीचे अवशेष, घामातले तेल, जळवा चढू नयेत म्हणून पायांना चोळलेले तेल, या सर्वांनी तो झाकला जातो आणि मग थेंब घरंगळण्याऐवजी कापडात पसरतात. रेनकोटमध्ये तेव्हा एक फसवी अवस्था येते: वरचे कापड चिंब होते, आतला थर शाबूत असल्याने पाणी शिरत नाही, पण भिजलेल्या वरच्या थरामुळे वाफ कोंडते आणि घामाने अंग ओले होते. माणूस म्हणतो, जाकीट गळते. ते गळत नसते. नीट धुऊन, पावडर पूर्ण निघेपर्यंत खळबळून, लेबल परवानगी देत असेल तर मंद इस्त्रीने शेकले की पुष्कळदा ते पूर्ववत होते. अलीकडे आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या कारणांनी फ्लोरिनयुक्त लेप मागे पडत आहेत. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून बहुतांश कपड्यांत त्यांना बंदी आहे. नवे लेप पाणी चांगले झटकतात, पण तेलापुढे लवकर हार मानतात, म्हणून ही धुलाई आता अधिक वेळा करावी लागणार.

आतल्या थराचे मरण मात्र कायमचे असते. बहुतेक देशी रेनकोटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि उष्णता व दमटपणा यांनी तो हळूहळू विघटित होतो. माळ्यावर घडी घालून ठेवलेला कोट पुढल्या जूनमध्ये उघडला की आतून चिकट लागतो, घड्यांवर पांढरी पापुद्री सुटते आणि टेप दोऱ्यासारखी लोंबते. त्यावर उपाय नाही. पावसाळा संपल्यावर तो पूर्ण वाळवून, हवेशीर जागी, हँगरवर टांगून ठेवणे एवढेच हाती असते. पीव्हीसीचा रेनकोट या बाबतीत काटक असतो, फक्त तो जड असतो, खसखसतो आणि आत वाफाळतो. गस्तीच्या मुक्कामी खुंटीवर अडकवून ठेवायला तो बरा, दबक्या पावलांनी चालायला नाही.

देशी माल घेताना ‘देशी’ या शिक्क्याखाली कापड कुठे विणले, लेप किंवा पडदा कुठे चढवला आणि शिलाई कुठे झाली, असे तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. शिलाई इथली आणि पडदा आयात केलेला, अशी सरमिसळ सर्रास असते आणि त्यात गैर काही नाही. देशी असण्याचा खरा फायदा दुरुस्तीत आहे: चेनचा धावता बदलून मिळणे, टेप पुन्हा बसवून मिळणे, बाहीची लांबी आपल्या बांध्याला बेतलेली असणे. विक्रेत्याला आकडे विचारण्याआधी हे विचारावे, कारण दोन पावसाळ्यांनंतर आकड्यांपेक्षा चेनच आधी निकामी होते.

विंडचीटरला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. डिसेंबरच्या पहाटे ताडोबाच्या उघड्या जिप्सीत वारा अंगाला झोंबतो तेव्हा आत लोकरी सदरा आणि वर विंडचीटर ही जोडी रेनकोटपेक्षा कितीतरी सुखाची असते, कारण घाम साचत नाही आणि कापड सळसळत नाही. ऑक्टोबरच्या तुरळक सरींत, देशावरच्या किल्ल्यांवर, तो पुरतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिथल्या आणि आंबोलीच्या जुलैत विंडचीटर अर्ध्या तासात चिंब होतो. तिथे रेनकोटच हवा, आणि दोन्ही एकाच वस्त्रात मिळवण्याचा हट्ट सोडून एक साधा रेनकोट आणि एक हलका विंडचीटर घेतले, तर खर्चही बहुधा एका नावाजलेल्या जाकिटाच्या आतच बसतो.

काट्याला लागून रेनकोट फाटला तर तो शेजारच्या शिंप्याकडे नेऊन मशीनवर शिवून घेऊ नये. एका फाटीच्या जागी सुईची पन्नास भोके पडतात. आतली बाजू स्पिरिटने पुसून, वाळवून, त्यावर त्याच जातीच्या कापडाचे गोल ठिगळ चिकटवावे. गोलच, कारण कोपरे आधी सुटतात. शिवावेच लागले तर हाताने मोजके टाके घालावेत आणि त्यांवर आतून शिवणीचा डिंक फिरवून रात्रभर वाळू द्यावा.